शामकांतकाकांसाठी नेलेली लस

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, हा सहलीला सरबताच्या बाटल्या न्यायचा डबा असेल. मी तशी दिसते खरी. निळं प्लॅस्टिकचं अंग, पांढरं झाकण, वर धरायला मूठ. पण माझ्यातून सरबत कधीच गेलं नाही. मी लसींची जुनी पेटी आहे. सिंगापूरमध्ये बुकित पंजांगला, उंच इमारतींच्या तळमजल्यावर एक लहानसं क्लिनिक आहे. माझं आयुष्य तिथे गेलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या भिंती दुहेरी आहेत आणि त्यांच्यामध्ये फेस भरलेला आहे. बाहेर कितीही ऊन असलं तरी ते आत येऊ नये म्हणून. माझ्या झाकणावर एक छोटा थर्मामीटर बसवलेला आहे. त्याची तार माझ्या पोटात सोडलेली असते. आतलं तापमान आता किती आहे, हे तर तो दाखवतोच. पण वाटेत ते कुठवर खाली गेलं आणि कुठवर वर चढलं, हेही दाखवतो. त्याचं बटण दाबायला मात्र माणूस लागतो.

आमच्या डॉक्टर म्हणजे मधुवंतीबाई. मूळच्या पुण्याच्या. त्यांच्या मदतीला सिस्टर रोहानी. ज्यांना क्लिनिकपर्यंत चालत येता येत नाही, अशा म्हाताऱ्या माणसांकडे त्या दोघी मला घेऊन जायच्या. रोहानी मला भरायची तेव्हा मला आईने दप्तर भरावं तसं वाटायचं. बर्फाच्या पिशव्या फ्रीझरमधून काढून ती आधी बाहेर ठेवायची. त्यांच्यावर घाम आला, आतला बर्फ थोडा सुटून हलायला लागला, की मगच माझ्यात घालायची. त्यांच्यावर जाड पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर लसी. कारण फ्लूच्या लसीला ऊन जितकं वाईट, तितकाच बर्फही वाईट. दोन ते आठ अंश, एवढ्यातच ती नीट राहते. एकदा गोठली की ती वाया गेली. पुन्हा वितळल्यावर ती पहिल्यासारखीच दिसते, पण तिच्यातला जोर गेलेला असतो.

आता मी तुम्हाला २०१५ सालची गोष्ट सांगते.

आमच्या क्लिनिकजवळच्या एका इमारतीत शामकांतकाका राहायचे. जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं, आणि निवृत्तीनंतर ते मुलीजवळ, तन्वीजवळ राहत होते. त्यांच्या फुप्फुसांचा आजार जुना होता. खोलीतून स्वयंपाकघरात गेले तरी दम लागायचा. अशा माणसाला फ्लू झाला, तर तो नुसता सर्दी-ताप राहत नाही. घरात तन्वीची सहा वर्षांची मुलगी मैत्रेयी होती. ती शाळेत जायची आणि वर्गातला प्रत्येक खोकला घरी घेऊन यायची.

आदल्या नोव्हेंबरमध्ये मधुवंतीबाई मला घेऊन त्या घरी गेल्या होत्या. काकांनी तेव्हा "पुढच्या वेळी बघू" म्हणून टाळलं. त्यांच्या पत्नीने, सुलभाकाकूंनी, मात्र हसत दंड पुढे केला. फेब्रुवारीत काकूंना फ्लूच झाला. त्याचा न्यूमोनिया झाला, आणि त्या गेल्या.

त्या वर्षी फ्लूच्या एका विषाणूने रूप बदललं होतं. लस जुन्या रूपावर बनवलेली होती. नव्या रूपाला ती पुरी पडत नव्हती. मधुवंतीबाईंनी हे काकांना समजावून सांगितलं होतं. काकांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, "तिने घेतली ना? मग मला कशाला सांगता?"

मे महिना उजाडला. सिंगापूरला थंडीचा मोसम नाही, त्यामुळे फ्लू इथे वर्षभर असतो. पण वर्षाच्या मध्याला आणि वर्षाच्या शेवटाला त्याची लाट येते. क्लिनिकमध्ये खोकणाऱ्यांची गर्दी वाढू लागली. तन्वीचा फोन आला. मधुवंतीबाईंनी तो स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला, म्हणून मला ऐकू आलं.

"मधुवंतीताई, बाबा 'हो' म्हणालेत. मैत्रेयी त्यांच्या गळ्यात पडून रडली म्हणून असेल, पण म्हणालेत. त्यांचं मन बदलायच्या आत आजच या ना!"

"तन्वी, आत्ता माझ्याकडे आहे ती गेल्या वर्षीचीच आहे. उत्तर गोलार्धातल्या देशांसाठी बनवलेली. काकूंना दिली तीच."

"म्हणजे आज येणार नाही तुम्ही?" तन्वीने विचारलं.

"दक्षिण गोलार्धासाठी बनवलेली नवी लस येतेय," मधुवंतीबाई म्हणाल्या. "तिच्यात बदललेल्या विषाणूचा विचार केलेला आहे. आणखी थोडे दिवस थांबूया."

"आणि तेवढ्यात त्यांना फ्लू झाला तर?"

"ती भीती मलाही आहे. पण जी अपुरी पडली हे मला माहीत आहे, ती त्यांना देऊन मी निर्धास्त होऊ शकत नाही."

मित्रांनो, ते दिवस फार अवघड गेले. मधुवंतीबाई रोज कुरिअरची वाट पाहायच्या. रोज तन्वीला फोन करून विचारायच्या, "काका बरे आहेत ना?" शेवटी नवी लस आली. आणि नेमकी त्याच सकाळी रोहानी ताप आल्यामुळे घरी राहिली.

बाहेर रांग लागलेली होती. मधुवंतीबाई एकट्या. एका बाळाला तपासता तपासता त्या मध्येच आत आल्या, फ्रीझरमधून दगडासारख्या कडक पिशव्या काढल्या आणि तशाच माझ्यात टाकल्या. पुठ्ठा कपाटात राहिला. काकांसाठी एक आणि तन्वीसाठी एक, अशा दोन भरलेल्या सिरिंज त्यांनी थेट बर्फावर ठेवल्या आणि झाकण लावलं. त्यांना वाटलं असेल, उन्हाचा दिवस आहे, थंड जेवढं जास्त तेवढं बरं.

काकांच्या घरी निघायला दुपार झाली. माझ्या पोटात काय चाललंय ते मला कळत होतं. थर्मामीटरचा आकडा खाली सरकत होता. चार, तीन, एक. मग शून्याच्याही खाली. दोन्ही सिरिंज गोठल्या. नंतर बर्फ सैल झाला, त्याही हळूहळू वितळल्या, आणि लिफ्टने वर पोहोचेपर्यंत पुन्हा स्वच्छ, चांगल्या दिसू लागल्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण पेटीला तोंड असतं ते फक्त उघडायला.

तन्वीने दार उघडलं. तिने तांजोंग पगार भागातल्या आपल्या ऑफिसमधून अर्धा दिवस रजा घेतली होती. काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मैत्रेयी त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी होती.

"आजोबा, नो नीड टु बी स्केअर्ड लाह," ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली. "ओन्ली लिटल बिट पेन."

"मी घाबरतोय होय गं?" काका म्हणाले. पण शर्टाची बाही वर करताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

मधुवंतीबाईंनी मला टेबलावर ठेवलं. त्यांनी काकांचा ताप पाहिला, छाती तपासली. "पूर्वी कुठल्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्यात? श्वास अडकलाय? अंडं चालतं?" काका एकेका प्रश्नाला मान हलवत होते. मग मधुवंतीबाईंनी माझं झाकण उघडलं, एक सिरिंज काढली आणि तिच्यावरचं वर्ष आणि तारीख वाचली. सगळं बरोबर होतं. स्पिरिटचा बोळा त्यांनी काकांच्या दंडावर फिरवला.

मी मनात म्हणत होते, बटण दाबा. एकदा बटण दाबा.

त्यांचा हात सुईच्या टोपणापर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग थर्मामीटरचं बटण दाबलं.

सगळ्यात कमी तापमान, उणे दोन.

त्यांनी पुन्हा दाबलं. आकडा तोच होता. त्यांनी माझ्यात हात घालून बर्फाच्या पिशव्या चाचपल्या, पुठ्ठा शोधला, आणि त्यांचा चेहरा उतरला. तन्वीने ते पाहिलं. ती त्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेली.

"काय झालं?"

"लस वाटेत गोठली. आता तिचा उपयोग नाही."

"त्याने काही अपाय होतो?"

"अपाय बहुतेक नाही. पण फायदाही होईल असं मी म्हणू शकत नाही."

तन्वीचा आवाज अगदी खाली आला. "ताई, आज परत गेलात तर ते पुन्हा बाही वर करणार नाहीत. मी ओळखते त्यांना. आज ही द्या. नंतर काहीतरी कारण काढून आपण दुसरी देऊ. त्यांना काय कळतंय?"

खरं सांगते मित्रांनो, मधुवंतीबाई लगेच "नाही" म्हणाल्या नाहीत. त्या सिरिंजकडे पाहत राहिल्या. ती इतकी निर्मळ दिसत होती! मग त्या काकांपुढे येऊन बसल्या.

"काका, ही लस मी तुम्हाला देणार नाही. बर्फ मी घाईत भरला, चुकीचा भरला, आणि ती गोठून बिघडली. चूक माझी आहे. मी क्लिनिकमध्ये जाऊन दुसरी घेऊन येते."

काकांनी सावकाश बाही खाली घेतली. बोलायच्या आधी त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

"सुलभाला दिलीत, तीही ह्याच पेटीतून आणली होतीत ना?"

"हो."

"मग तीही अशीच बिघडलेली असेल."

मैत्रेयी आईला जाऊन चिकटली.

मला ठाऊक होतं! त्या दिवशी मला रोहानीने भरलं होतं. पुठ्ठा होता, आतलं तापमान पाच अंशांच्या आसपास होतं, सुलभाकाकूंची लस अगदी नीट होती. हे साऱ्या जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नव्हतं. माझ्या आयुष्यात मुकेपणाचं इतकं ओझं मला कधी वाटलं नाही.

"मी दर वेळी थर्मामीटर बघते," मधुवंतीबाई म्हणाल्या. "त्या दिवशीही पाहिलाच असणार. पण काका, आज मला तो आकडा आठवत नाही. आठवतोय असं खोटं सांगणार नाही."

"या तुम्ही," काका म्हणाले आणि भिंतीला धरून आपल्या खोलीत गेले. दार लागलं.

मधुवंतीबाईंनी मला उचललं. क्लिनिकमध्ये पोहोचल्यावर त्यांनी त्या दोन्ही सिरिंज वेगळ्या काढून टाकल्या. मला कोरडं पुसलं. पिशव्या बाहेर काढून ठेवल्या आणि त्यांच्यावर घाम येईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. रांगेतली माणसं चुळबुळत होती, तरी हलल्या नाहीत. मग पुठ्ठा घातला, नव्या सिरिंज ठेवल्या, आणि थर्मामीटर पाच अंशांवर स्थिर झालेला पाहिल्यावरच झाकण लावलं.

संध्याकाळी आम्ही पुन्हा त्या दारात उभ्या होतो. तन्वीचे डोळे सुजले होते. "ते खोलीतून बाहेरच आले नाहीत," ती म्हणाली.

मधुवंतीबाईंनी बंद दारापाशी स्टूल ओढलं आणि बसल्या. मला त्यांनी मांडीवर घेतलं.

"काका, मी आलेय. नको असेल तर नको म्हणा, मी जाते. पण तुमच्या तोंडून ऐकून जाते."

आतून श्वासाची घरघर ऐकू आली. मग काका म्हणाले, "तुम्ही काही न बोलता टोचली असती, तर मला कळलं असतं?"

"नाही."

"तन्वीने तेच सुचवलं. मी ऐकलं. कान अजून शाबूत आहेत माझे."

तन्वीने तोंडावर हात ठेवला.

"सुलभाचं खरं काय झालं, ते आता कधीच कळायचं नाही ना?"

"नाही, काका."

दार उघडलं. काका चौकटीला धरून उभे होते. "माझा राग गेलेला नाही," ते म्हणाले. "तो एवढ्यात जाणारही नाही. पण जी बाई आपल्या तोंडाने चूक सांगते, तिच्या हातची लस मी घेईन. आधी तन्वीला द्या. मग मला. आणि उगाच गोंजारत बसू नका, पटकन टोचा."

मधुवंतीबाईंनी बटण दाबून आकडा त्यांच्यापुढे धरला. मग आधी तन्वीला आणि नंतर काकांना लस दिली. दंडाच्या वरच्या भागात, स्नायूत, सरळ. काही त्रास होत नाही ना, हे पाहायला मधुवंतीबाई थोडा वेळ थांबल्या. त्या वेळात काका आणि तन्वी सुलभाकाकूंविषयी बोलत होते. त्या मासे कसे करायच्या, कुणाला कसे टोमणे मारायच्या. मध्येच काका रडले. बाई उठून गेल्या नाहीत.

जुलैत मैत्रेयी शाळेतून ताप घेऊन आली आणि मागोमाग काकांनाही ताप भरला. मधुवंतीबाई मला न घेता, औषधं घेऊन धावल्या. रोज सकाळी क्लिनिकमध्ये आल्या, की रोहानी त्यांच्याकडे बघायची आणि त्या नुसती मान हलवायच्या. तीन सकाळी तशाच गेल्या. चौथ्या सकाळी त्या हसल्या. काकांना हॉस्पिटलची पायरी चढावी लागली नाही. लसीमुळेच ते वाचले, असं मधुवंतीबाई कधी म्हणाल्या नाहीत. "औषध होतं, तन्वी होती, लसही होती," एवढंच म्हणायच्या. पुढच्या वर्षी काका चाकाच्या खुर्चीत बसून, तन्वीला ती ढकलायला लावून, स्वतः क्लिनिकमध्ये आले.

मित्रांनो, आता मी थकले आहे. माझ्या झाकणाचं रबर सैल झालं, बिजागरी तडकली. माझ्या जागी नवी पेटी आली आहे. आत जरा कमी-जास्त झालं की ती स्वतःच पी पी करून सगळ्यांना सांगते. मला तिचा हेवा वाटतो, पण आनंदही वाटतो. मी आता मागच्या खोलीत, छत्र्या आणि जुन्या कॅलेंडरांच्या सोबत असते. मला कुणी उघडत नाही.

तुमच्याकडे मागणं एवढंच. माझ्यासारख्या मुक्या वस्तू तुमच्या हाती आल्या, तर त्यांना घाईत भरू नका. त्यांच्याकडे एकदा नीट बघा. लस घ्यायला बसलात तर "ही कुठे ठेवली होती?" असं विचारायला लाजू नका. आणि कधी तुमच्या हातून काही बिघडलं, आणि ते बाहेरून अगदी चांगलं दिसत असलं, तरी तसंच पुढे करू नका. सांगून टाका. समोरचा माणूस रागावेल.

त्याला रागावू द्या. आणि दाराबाहेर थांबा.