पान अकरावरचा माणूस

मी सोळा पानांचं पुस्तक बोलतोय. नुकतंच वाचायला लागलेल्या मुलांसाठी मोठ्या अक्षरांत छापलेलं, डायनासोरवरचं. आणि खरं सांगू? मी पार वैतागलोय.

मला मुरगूडच्या अनुजाबाईंनी लिहिलं. शाळेत विज्ञान शिकवतात त्या. एकेक वाक्य त्यांनी चार-चारदा तपासलं होतं. पण कोल्हापुरात चित्रं तयार झाली आणि माझ्या पान अकरावर डायनासोरसमोर भाला घेतलेला माणूस उभा राहिला!

बाई तडक प्रकाशकांकडे आल्या. "नृसिंहराव, हा माणूस काढा. डायनासोर गेल्यावर सहा कोटी वर्षांहून जास्त काळ माणसाचा पत्ताच नव्हता."

"ऱ्हाऊ दे की मॅडम! दुसरीतल्या पोरांस्नी काय कळतंय? चित्र कसं भरल्यागत दिसतंय बघा."

अनुजाबाई गप्प बसल्या. पहिलंच पुस्तक होतं त्यांचं. हट्ट धरला तर छापणारच नाहीत, ही भीती. मी मात्र ती चूक पोटात घेऊन शाळेत आलो.

एकदा वर्गात दुसरीला शिकवणाऱ्या विमलाबाईंनी विचारलं, "डायनासोर कशानं संपले?"

"माणसांनी भाल्यानं मारलं!" राजवर्धन ओरडला.

"तवा माणूस न्हवताच की, माझ्या बाबांनी सांगितलंय," अवनी म्हणाली.

विमलाबाईंनी मला उघडून वर धरलं. "मग ह्यो कोण हाय? पुस्तक खोटं बोलतंय व्हय?"

अख्खा वर्ग हसला. मला ओरडावंसं वाटलं, 'व्हय, खोटं बोलतंय!' पण पुस्तकाला जे छापलंय तेवढंच बोलता येतं. अवनी खाली बसली. त्यानंतर कितीतरी दिवस तिनं हात वर केला नाही.

पण ती गप्प राहिली नाही. माझ्या शेवटच्या पानावरच्या अनुजाबाईंच्या पत्त्यावर तिनं पत्र टाकलं. 'बाई, तुमचं पुस्तक बरोबर का माझे बाबा बरोबर?'

पुढच्याच शनिवारी अनुजाबाई वर्गात हजर. "अवनीचं बरोबर आहे," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसले."

विमलाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी अवनीला जवळ घेतलं. "माझं चुकलं गं बाळ. मी तुझं ऐकूनच घेतलं न्हाई."

मग अनुजाबाईंनी त्या माणसावर हिरव्या झाडाचं चित्र चिकटवलं. डिंक ओला होता, गार गार वाटलं.

आता माझे कोपरे दुमडलेत, शिवण सुटलीय. मुलं ते झाड नखानं खरवडतात आणि खाली कोण दडलंय ते बघतात. गेल्या आठवड्यात दुसऱ्या आवृत्तीच्या दहा प्रती आल्या. पान अकरावर तोच माणूस, तोच भाला! विमलाबाईंनी कपाळाला हात लावला आणि डिंकाची बाटली अवनीपुढं ठेवली.

मोठ्या माणसांनो, एवढंच सांगतो. लहान मूल पुस्तकावर सगळा भरवसा टाकून वाचतं. निदान त्याच्यासाठी तरी, छापायच्या आधी एकदा नीट बघा की!