शोकेसमधली

गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभं राहून तिने काळ्या गाऊनचा ढगळ भाग मुठीत गोळा केला आणि त्याला चिमटे लावले, दोरीवरच्या कपड्यांना लावतात तेच. पुढून गाऊन अंगाबरोबर बसला. मागून तो माणूस वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसत होता, पण मागून फोटो कोण काढतो?

"मान जराशी वर," कॅमेऱ्यामागून तिचे वडील म्हणाले. "हां. हसू नका. नुसतं समाधान दिसू द्या."

पासपोर्टचे फोटो लोक आता फोनवर काढतात आणि लग्नांचे फोटो मोठ्या कॅमेरेवाल्यांकडे गेले. वडिलांच्या स्टुडिओला उरला होता तो हा गाऊन. जोडीला झुपक्याची टोपी, पुस्तकांची कपाटं रंगवलेला पडदा आणि लाल फितीत बांधलेली पदवीची गुंडाळी, जी मुळात एक जुनं कॅलेंडर होती. ज्याला पदवी खरोखर मिळते त्याचा फोटो विद्यापीठाच्या सभागृहातच निघतो. इथे येणारे वेगळे. त्यांना वडील काही विचारत नसत. न विचारणं हाच त्यांचा धंदा होता आणि तो ते इमानाने करत.

आजचं गिऱ्हाईक म्हणजे तिच्याच वयाचा एक मुलगा होता. गुंडाळी कशी धरायची ते त्याला जमेना.

"बाहेर काचेत त्या मुलीचा आहे ना, तसा काढा," तो म्हणाला.

ती मुलगी म्हणजे तीच. प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात वडिलांनी तिला गाऊन घालून उभं केलं होतं. काचेवर उजेड चमकतो म्हणून चष्मा काढायला लावला, केस मोकळे सोडले आणि नमुना म्हणून तो फोटो मोठा करून शोकेसमध्ये लावला. तेव्हा सगळे हसले होते. बाजारात तुरी, असं आई म्हणाली होती. मावशीची पोरं तिला अजून 'शोकेस' म्हणूनच हाक मारत. रस्त्यावरच्या आया मात्र पोरांना काचेपुढे उभं करून सांगत, बघ, अभ्यास केला की असं होता येतं.

"हुशार दिसतात," तो मुलगा म्हणाला. "काय झालंय त्यांचं?"

"रसायनशास्त्र," वडील बटण दाबता दाबता म्हणाले. "परदेशी असते आता. मोठ्या कंपनीत."

तिच्या हातातला चिमटा सुटून खाली पडला. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं नाही. वाक्य इतकं गुळगुळीत होतं की ते आज पहिल्यांदा बोललं गेलं नव्हतं, हे तिला लगेच कळलं. वडील आजवर कितीजणांना हे सांगून बसले असतील, या विचाराने तिचे कान तापले.

फोटो छापून होईपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलं. वडील संगणकावर त्याच्या कपाळावरचा घाम पुसत बसले.

सांगायचंच म्हणून ती आज आली होती. तिसऱ्या वर्षात रसायनशास्त्र तिच्या अंगावर आलं होतं. प्रयोगशाळेचा जिना दिसला की ती मागे फिरायची, आणि हल्ली तर ती त्या जिन्यापर्यंतही जात नव्हती. सोमवारपर्यंत विषय बदलता येत होता. भूगोल आवडायचा तिला, पण मग पुन्हा पहिल्या वर्षापासून. नाहीतर सगळंच सोडून द्यायचं. तिचं धड इकडे नव्हतं ना तिकडे. वडिलांनी ओरडावं असं तिला मनापासून वाटत होतं. बाप ओरडला की निदान उलट्या दिशेला पळता येतं. सकाळी मागच्या दाराने आत आल्या आल्या तिने तोंड उघडलंही होतं, तर ते म्हणाले, बरं झालं आलीस, चिमटे लाव.

आता तिने एका दमात सगळं सांगितलं.

वडिलांनी माऊस खाली ठेवला नाही.

"गेल्या सुट्टीपासून मागच्या दाराने येतेस," ते म्हणाले. "शोकेस टाळून. कळत होतं मला."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

छपाईचं यंत्र घरघरू लागलं. तिला वाटलं, आता तरी ते वळतील, कुठे दुखतंय म्हणून विचारतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"भूगोलवाल्यांचा गाऊन वेगळा असतो का गं?"

"नाही. एकच असतो सगळ्यांना."

"मग बदल खुशाल विषय," ते मोकळं होत म्हणाले. "फोटो चालेल तोच."

गेले कित्येक महिने ती ज्या प्रश्नाखाली पिचत होती त्याचा त्यांनी असा चुटकीसरशी निकाल लावला. भूगोल का, हेही त्यांना नको होतं. तिला रडू आलं नाही. चीड आली, आणि ती त्या जिन्याच्या धास्तीपेक्षा बरी वाटली.

गिऱ्हाईक परत आलं. वडील छापलेल्या फोटोच्या कडा कापत होते. त्याने फोटो हातात घेऊन उजेडाकडे धरला, मग मान लांब करून शोकेसकडे पाहिलं.

"आईला दाखवायचाय," तो म्हणाला. "पण त्या ताईंसारखा नाही आला. खऱ्याचं तेज वेगळंच असतं."

"ती परदेशी नाहीये," ती म्हणाली. "ती मी आहे. मी शिक्षण सोडलंय."

तोंडातून निघेपर्यंत दोन्हींतलं काय निवडणार हे तिलाही ठाऊक नव्हतं. भूगोल त्या एका वाक्यात गेला. त्याचं वाईट नंतर वाटणार होतं, पण वाटणार होतं नक्की.

तो माणूस तिच्या चष्म्याकडे, मग वडिलांकडे, मग हातातल्या स्वतःच्या फोटोकडे बघत राहिला. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो एक पाऊल पुढे आला आणि अगदी हळू आवाजात त्याने विचारलं,

"घरी कसं सांगितलंत?"

"सांगितलं मी," ती म्हणाली. "ऐकायला कुणी नव्हतं."

तिने चिमटे गोळा करून टेबलावर ठेवले, पिशवी उचलली आणि पुढचं दार उघडलं. बाहेर पडता पडता तिला मागून वडिलांचा आवाज ऐकू आला, तोच गुळगुळीत, गिऱ्हाइकाशी बोलायचा.

"मनावर घेऊ नका. मदतीला असते दुकानात. दिसते थोडीफार त्या फोटोसारखी."