अकरा आठवडे

“नकाशावर आखलेल्या रेषेच्या आत राहायचं. शहरात काम नाही, मुक्काम नाही. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं,” मनिलातल्या एजंटबाईंनी बजावलं होतं. शहर सोडून गव्हाच्या गावात राहायची तयारी दाखवली म्हणून पंधरा गुण जास्त मिळाले होते. व्हिसा निघाला तो तेवढ्यावरच.

लिगाया कोरडी बशी पुन्हा पुसत होती. टेबलावर कायम वास्तव्याचा अर्ज होता. गेल्या तीन वर्षांतले सगळे पत्ते लिहा.

“इथलाच लिही,” तिचा नवरा क्रिसांतो म्हणाला. “अकरा आठवडे कोण मोजतंय?”

गावातली पॅकिंगची शेड बंद पडली, तेव्हा तो मेलबर्नला चुलतभावाकडे राहून गोदामात राबला होता.

“खोटं सापडलं तर पोरीसकट तिघांनाही परत पाठवतील. बियांकाची शाळा...”

“आणि खरं लिहिलं तर हार घालतील?”

तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या मर्लबाई. वय ऐंशीच्या पुढे. ही दोघं त्यांना लोला, म्हणजे आजी, म्हणत. त्यांच्या काखेत माउलीची वही होती. मारियेची मूर्ती दर आठवड्याला नव्या घरी जाई, आणि ते घर वहीत आपलं मागणं लिही. गावातल्या फिलिपिनो घरांनी हीच वही वास्तव्याचा पुरावा म्हणून अर्जाला जोडायची ठरवली होती.

मर्लबाईंनी पान उघडून समोर धरलं. लिगायाचंच अक्षर : ‘माउली, मेलबर्नला राहिलेल्या माझ्या नवऱ्याला सांभाळ.’ खाली तारीख.

लिगायाने बशी खाली ठेवली.

“हे फाडते,” मर्लबाई म्हणाल्या. “इथे शपथपत्र औषधवाल्यासमोरही चालतं. उद्या दहाला त्याच्यासमोर शपथेवर सही करते, की तुम्ही कुठे हललाच नाहीत. मला या वयात कोण तुरुंगात घालतंय? घातलंच तर जेवण तरी आयतं मिळेल. तुम्ही गेलात तर या गल्लीत उरणार कोण, मी आणि मांजर.”

 पानाचा कोपरा म्हातारीच्या बोटांत होता. लिगायाने हळूच वही मिटली.

“मागणं फाडू नये, लोला.”

“मग गं?”

“दहाला तुम्हाला घ्यायला येते. नक्की येते.”

सकाळी तिने नेमाची जपमाळ ओढली आणि पेन उचललं. आधी गावचा पत्ता. त्याखाली मेलबर्नचा, अकरा आठवड्यांच्या तारखांसकट. एक आकडा तिने पुन्हा गिरवला.

क्रिसांतो तिच्या खांद्यावरून त्या ओळीकडे बघत राहिला. कागदाकडे गेलेला हात त्याने मागे घेतला आणि बियांकाच्या डब्यात भात भरू लागला.

पावणेदहाला लिगायाने अर्ज पिशवीत ठेवला. शपथेवर डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच सांगा, क्रिसांतो अकरा आठवडे इथे नव्हता हेही, असं लोलांना वाटेत सांगायचं होतं. त्यांना गाडीत चढायला लागणारं ठेंगणं स्टूल काखेत घेऊन ती शेजारच्या फाटकाकडे निघाली.