मागच्या सीटवरचं लहान पोतं

विल्फने वाळूचं तिसरं पोतं मागच्या सीटवर बसवलं आणि दोरीने आवळलं. दोन मोठी, मध्ये एक लहान. बसल्यावर त्याने आधी समोरचा आरसा वर फिरवला. दोन वर्षं त्याला आरशातून मागची सीट पाहवत नव्हती.

कॉव्हेंट्रीच्या त्या कारखान्यात रीतच होती. चारदारी गाडी पोती घालून टेकडीवर फिरवायची, मगच मुख्य चाचणी-चालक विल्फ टनिक्लिफने कार्डावर सही करायची. दोन वर्षांपूर्वी याच गाडीचा, जास्त ताकदीच्या इंजिनाचा, पहिला नमुना आला तेव्हा त्याने रीत मोडली. वेगाची गाडी घेणारा गडी एकटाच भटकणार, मागे कोण बसतंय! रिकामी चालवली आणि सही ठोकली. त्या रविवारी फिटर नॉर्मन पिनकने ती घरी नेली. नवा नमुना सुट्टीत घरच्यांना दाखवून आणायची मुभा होतीच. टेकडीच्या वळणावर गाडी गरकन फिरली. मागे आजी आणि मावशीच्या मध्ये बसलेली त्याची सात वर्षांची लेक मॉरीन गेली. नॉर्मनने वेग आवरला नाही, असं चौकशीत ठरलं. शेवटी त्यानेही मान खाली घातली.

आज त्याच वळणावर गाडीचं शेपूट बाहेर फेकलं गेलं. विल्फने कशीबशी सावरली आणि कडेला थांबून मागे वळून पाहिलं. लहान पोतं तोंडावर पडलं होतं.

कारखान्याचे व्यवस्थापक हॅडनसाहेब फाटकातच उभे होते.

"ऑक्टोबरात प्रदर्शन आहे, विल्फ. सही कर नि चल चहाला."

"मागं ओझं असलं की शेपूट फेकते, साहेब. तेव्हाही फेकतच असणार. मी पोती घातलीच नव्हती. कार्डावर लिहिलंय तसं."

साहेबांनी कार्ड दोनदा वाचलं.

"अरे बाबा, निवृत्तीला दोनच वर्षं उरलीत तुझी."

"आणि नॉर्मनची दोन वर्षं गेली ती?"

साहेब कार्ड घेऊन आत वळले. कार्ड त्यांच्या खणात गेलं. आमच्या गिऱ्हाइकांना ऐटदार गाडी हवी असते, शर्यतीची नव्हे, असं छापून पुढे कारखान्याने ही गाडी रद्द केली. लोकांना ते पटलंही.

विल्फ तडक कारखान्यातच नॉर्मनकडे गेला आणि सगळं सांगितलं. नॉर्मन हात पुसत ऐकत होता. बराच वेळ पुसत राहिला.

"किती वेगात होतास आज?"

"चाळीस मैल."

"मीही चाळीसच म्हणत होतो. आयव्हीला शपथेवर सांगितलं. बायको असून तिला खरं वाटलं नाही. मग मलाही वाटेनासं झालं."

तो आवारात उभ्या असलेल्या चाचणीच्या गाडीकडे गेला. गाडीतली दोन्ही मोठी पोती त्याने एकेक करून खांद्यावर टाकली आणि शेडमध्ये नेऊन आदळली. लहान पोत्याची दोरी मात्र गाठ न कापता सावकाश सोडली. ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि तिथेच उभा राहिला.

"आण, मी ठेवतो," विल्फ म्हणाला.

"नको," नॉर्मन म्हणाला. "तू हिला हात लावू नकोस."