गाडीपुढचा वारा

आमच्या दाराची बेल वाजवली की मोरीतला दिवा लागतो. पाहुण्यांना गंमत वाटते. मला वाटत नाही, कारण मोरीत मी असते.

आमचे हे घरोघरी वायरिंगची कामं करतात आणि लोकांकडचं काम अगदी चोख करतात. लोक मला रस्त्यात थांबवून सांगतात. मी मान डोलावते, दुसरं काय करणार? स्वतःच्या घराला हात लावला की यांच्या अंगात काय संचारतं कोण जाणे. स्वयंपाकघरातला धूर बाहेर टाकायला यांनी पंखा बसवला, तेव्हा महिनाभर शेजारच्यांच्या फोडणीचा खकाणा आमच्या घरात येत होता. "शेजारी हल्ली फार तळतात," असं यांचं निदान. शेवटी मी स्टुलावर चढले, पंख्यापुढे हात धरला आणि तो उलटा बसलाय हे दाखवून दिलं. तर म्हणाले, "मला शंका होतीच."

असा हा माणूस गाडीला पंखे लावायला निघाला, आणि तेही माझ्या ताईला पणाला लावून.

ताई डोंगरावर एकटी राहायची. भावोजी गेल्यापासून मी तिच्या मागे लागले होते, की बाई, आता आमच्याकडे ये. तिचा गुडघा कामातून गेलेला, बसची पायरी चढवत नाही. तिला आणायला आम्ही दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा आमची गाडी चढावर उकळली. दुसऱ्या वेळी ती बिचारी काठी टेकत वळणापर्यंत खाली आली, आणि वाफा सोडणाऱ्या गाडीशेजारी ट्रंकेवर दुपारभर बसून राहिली. परत जाताना म्हणाली, "आता मी हलणार नाही. गाडी दारात आली तर बसेन."

मग तिचा फोन आला. डोंगरावरचं घर तिने विकलं होतं. रविवारी दुपारी पुतण्या तिला न्यायला येणार होता. "त्याच्याआधी तुमची गाडी दारात आली तर तुमच्याकडे येते. नाही तर त्याच्याकडे," ती म्हणाली.

पुतण्याला काकू नको होती, जुळी पोरं सांभाळायला माणूस हवं होतं. मी ताईला तसं तोंडावर सांगितलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण त्याची गाडी चढते."

मी फोन ठेवला आणि भांडी आपटायला लागले. भांडी आपटली की हे समोर येत नाहीत, पण ऐकतात मात्र सगळं.

गाडीचा आजार साधा होता. इंजिनाचं गरम पाणी पुढच्या जाळीतून, म्हणजे रेडिएटरमधून, फिरून थंड होतं. त्या जाळीवर वारा घालणारा जुना पंखा पट्ट्यावर चालायचा आणि तो खिळखिळा झाला होता. गॅरेजवाला म्हणाला, जाळीच्या मागे विजेचे दोन पंखे लावा, मी लावून देतो. तिथे यांचा मान दुखावला. "पंखा लावायला मी दुसऱ्याकडे जाऊ? उद्या मला कोण काम देईल?"

दोन दिवस अंगणात गाडीचं तोंड उघडं होतं. एका घराच्या कामातून लाल वायरीचं वेटोळं उरलं होतं, तेवढी एकच वायर यांनी सगळीकडे ओढली. येणारी लाल, जाणारीही लाल. मी म्हटलं, "अहो, ओळखणार कशी कुठली कुठे ते?"

"ओळखायचंय काय त्यात? पंख्याला दोन वायरी. कुठलीही कुठेही लाव, पंखा फिरतो. आयुष्य गेलं माझं यात."

स्टिअरिंगशेजारी यांनी चक्क घरातला स्विचबोर्ड ठोकला. दोन बटणं, एक लाल दिवा आणि पंख्याचा रेग्युलेटर. रेग्युलेटर कसाही फिरवला तरी काही होत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "असू दे, बोर्डात भोक उरलं होतं."

मग बटणं दाबली. दोन्ही पंखे असे घुमले की समोरच्या घरातली माणसं गच्चीत आली. हे गाडीपुढे जाऊन उभे राहिले, डोळे मिटले, आणि यांचे उरलेसुरले केस मागे उडायला लागले. "इकडे ये, इकडे ये. बघ काय वारा आहे."

खरं सांगते, वारा छान होता. अंगणात उकाड्याने जीव नको झाला होता. मी खुर्ची आणून गाडीपुढे टाकली आणि तिथेच मटार सोलत बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. बाजारात एक फेरी मारून आलो, गाडी अजिबात तापली नाही, म्हणून पंखे लावायची वेळच आली नाही. मी ताईला फोन करून सांगितलं, "गाडी आता पक्की झालीय. आणि वारा तर असा येतो म्हणून सांगू, तू आलीस की दोघी गाडीपुढे खुर्च्या टाकून बसू."

"बघू," ताई म्हणाली. पण आवाजात हसू होतं. तिला हसताना मी भावोजी गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी निघालो. चढ लागला तसे यांनी ऐटीत दोन्ही पंखे लावले आणि रेग्युलेटरही पूर्ण फिरवला, शोभेला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर काटा हलला. तिसऱ्या वळणावर तो लाल रेघेवर जाऊन बसला आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली. अगदी त्याच वळणावर, जिथे ताई ट्रंकेवर बसली होती. यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. पंखे घुमतच होते.

मला रडायला येत होतं. ताईची ट्रंक भरलेली असणार, ती दारात बसली असणार, आणि पुतण्याची ती चकचकीत गाडी आता आमच्या शेजारून वर जाणार. मी खाली उतरले आणि गाडीपुढे जाऊन उभी राहिले. भट्टीचं दार उघडावं तशी झळ तोंडावर आली. डोळे पुसायला रुमाल काढला तर तो हातातून उडून रस्त्यापलीकडे गेला.

रुमाल आणायला गेले आणि तिथेच थबकले. गाडीतून वारा बाहेर कशाला येतोय? हवा पुढून आत जायला हवी, जाळी थंड करून मागे जायला हवी. इथे इंजिनाची सगळी धग जाळीवर येत होती आणि वर समोरून येणारा वारा अडवला जात होता.

"अहो," मी म्हटलं, "हा आपल्या स्वयंपाकघरातला पंखा आहे."

हे खाली उतरले. जाळीपुढे हात धरला. यांचा चेहरा असा काही उतरला की मी तयार ठेवलेली चार वाक्यं गिळली. "घरात वारा माणसाच्या तोंडावर यावा लागतो गं," हे हळूच म्हणाले. "मी तोच बघितला. आणि ही बॅटरी, घरातली वीज नव्हे. हिच्यात वायरी उलट्या लागल्या की पंखा उलटा फिरतो. मला..."

"शंका होतीच," मी म्हटलं.

"नाही. अजिबात नव्हती."

लग्नानंतर असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. "मग अदलाबदल करा ना," मी म्हटलं. "उभे काय राहिलात?"

चटके खात यांनी दोन्ही पंख्यांच्या वायरी सोडवल्या आणि उलटून जोडल्या. बटण दाबलं. मी रुमाल जाळीपुढे धरला, तर तो सटकन जाळीला चिकटून बसला. काटा हळूहळू खाली आला. मग रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि निघालो. उरलेल्या चढावर आम्ही दोघं रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होतो. दोन वेळा मी ओरडून यांना रस्त्यावर आणलं.

ताई ट्रंकेवरच बसली होती. गाडी थेट दारात उभी राहिली. ताईने आधी बॉनेटवर हात ठेवून बघितलं, मग यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "ट्रंक उचला." उतारावर पुतण्या समोरून आला. ताईने काच खाली करून त्याला टाटा केला.

घरी पोहोचलो, चहा झाला. संध्याकाळी ताई काठी टेकत अंगणात आली, खुर्ची ओढून गाडीपुढे बसली आणि म्हणाली, "हं, लावा."

आमची तोंडं बघण्यासारखी झाली. यांनी बटणं दाबली. पंखे घुमले, पण ताईच्या केसाची बटही हलली नाही.

"वारा कुठाय?" ताईने विचारलं. "फोनवर तर म्हणालीस."

मी काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात हे आत गेले आणि हत्यारांची पेटी घेऊन आले. गाडीत वाकून बराच वेळ खुडबुड केली. बोर्डावरचा रेग्युलेटर काढला आणि त्याच्या भोकात दोन्हीकडे पडणारा एक मोठा स्विच बसवला. एका बाजूला पेनने लिहिलं 'चढ'. दुसऱ्या बाजूला लिहिलं 'ताई'.

स्विच ताईकडे पाडला. वारा भस्सकन बाहेर आला. ताईने डोळे मिटले, मान मागे टाकली आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. मी शेजारी खुर्ची टाकली. हे बेल दुरुस्त करायला आत गेले, तर मी म्हटलं, राहू द्या.

सकाळी बघितलं तर बॅटरी पार उतरली होती. आता डोंगरावर जायचं नव्हतंच कुणाला.