पिल्लांवरची मादी

गच्चीवरच्या खुराड्यात थूईनं मादीला पिल्लांवरून अलगद उचललं. नुकतीच अंड्यातून निघालेली दोन पिल्लं उघडी पडली आणि चोची वासू लागली.

"आण इकडे," सासूबाई म्हणाल्या. बीयुन त्यांचं नाव. पिंगतुंग शहरात त्यांच्या शर्यतीच्या कबुतरांचा दरारा होता. मादीच्या पायातलं कडं तपासून त्यांनी तिला करंडीत घातलं. उद्या शर्यतीचं जहाज अशा सगळ्या करंड्या भर समुद्रात नेऊन उघडणार होतं.

"आई, एवढीशी पिल्लं सोडून पाठवायचं हिला?"

"म्हणून तर! पिल्लांवरची मादी वाऱ्याशी भांडत घरी येते. नर येतात रमतगमत, तुझ्या नवरोबासारखे."

थूई हसली नाही. तिच्या कडेवर तिचा तान्हा लून झोपला होता. तिकडे व्हिएतनाममध्ये तिची आई अंथरुणाला खिळली होती, आणि थूईचा पासपोर्ट सासूबाईंच्या कपाटात कुलपात होता.

कोपऱ्यातल्या जाळीत एक निळा नर होता, मोठेपणी विकत आणलेला. त्याला कधीच उडू दिलं नव्हतं. सोडला की तो जुन्या मालकाची गच्ची गाठणार. "मोठेपणी आणलेलं पाखरू आपलं होत नाही," असं बीयुन म्हणत. शेजारची व्हिएतनामी सून माहेरी गेली ती परतलीच नाही. तेव्हापासून हे वाक्य थूईकडे बघून म्हटलं जाई.

"आई, आज परत बहिणीचा फोन होता. डॉक्टरांनी हात टेकलेत."

बीयुननी करंडीची कडी लावली. एकदा जाळीतल्या नराकडे बघितलं, एकदा घरट्याकडे. मग जिना उतरून गेल्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पासपोर्ट होता.

थूईला रडूच फुटलं. या बाईला आपण मनातल्या मनात काय काय बोललो, म्हणून तिला लाज वाटली.

"लूनचे कपडे भरते लगेच. माझ्या आईनं अजून पाहिलंच नाही त्याला."

"तुझे भर." बीयुननी हलक्या हातानं लूनला तिच्या कडेवरून काढून घेतलं. तो झोपेतच चुळबुळला. "याला राहू दे. प्रवासात आजारी पडायचा बिचारा."

थूईच्या रिकाम्या कडेला वारा लागला. करंडीत मादी सारखी पंख आपटत होती.

"परतीचं तिकीट कधीचं काढू?" तिनं विचारलं.

बीयुन लूनला थोपटत होत्या.

"तुला कशाला सांगायला हवं? येशील तू. सगळ्यांच्या आधी येशील."