धाकटीची पुडी

जाऊबाईंच्या हाताला गुण आहे, हे साऱ्या नात्यागोत्यात मीच सांगत फिरले. थंडीच्या दिवसांत त्यांचं परस बघायला माणसं वाकडी वाट करून यायची. मनगटाएवढी गाजरं, तळहाताहून मोठी पालकाची पानं, आणि मटार असा गोड की सोलायला बसलं की निम्मा तोंडातच जायचा. हिवाळ्याच्या तोंडावर एका रविवारी त्या सगळ्यांना घरचं बी वाटायच्या. वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या, पुडीवर पेन्सिलीनं नाव. माझ्या पुडीवर लिहिलेलं असायचं, ‘धाकटी’.

लग्नानंतरचे सहा हिवाळे मी त्या पुडीतलं बी पेरलं आणि सहाही हिवाळे माझं परस नुकत्याच भादरलेल्या डोक्यासारखं राहिलं. मटार रात्रभर भिजवला की छान फुगायचा आणि मातीत गेला की कुजायचा. पालक, मुळा, गाजर यांचा तर पत्ताच नसायचा. मी माती बदलली, शेणखत घातलं, वाफे उंच केले, पाणी कमी केलं, पाणी वाढवलं. तिकडे नणंदेकडे त्याच घरच्या बियांचं रान माजलेलं. एकदा विकतचं बी आणून बघते म्हटलं, तर जाऊबाई म्हणाल्या, “घरचं बी तुझ्याकडे तग धरेना, विकतचं काय धरणार?” मला पटलं. समोरचा ठासून बोलला की मला पटतंच, हा माझा जुना रोग आहे. मग त्या दर आठवड्याला पिशवी भरून भाजी पाठवायच्या आणि मी ओशाळून ती दोन्ही हातांनी घ्यायचे.

गंमत अशी की मी रक्त काढायचं काम करते. तपासणीच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं झाली. म्हातारी माणसं खिडकीशी येऊन विचारतात, “त्या हलक्या हाताच्या बाई आल्यात का?” बाहेर या हाताला एवढी मागणी, आणि घरात तोच हात करंटा. हे मी खरंच मानायचे. दिवसभर यंत्रावर लोकांची साखर मोजणारी बाई असलं काही मानते, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

नुसतं मानण्यावर थांबले असते तर एक वेळ चाललं असतं. आम्हाला मूल झालं नाही. सहाव्या हिवाळ्यात आम्ही एका अनाथाश्रमात जाऊन आलो. दोन वर्षांची मुलगी होती. तिनं माझं बोट धरलं ते निघेपर्यंत सोडलं नाही. कागद भरून झाले होते, माझी सही तेवढी राहिली होती. जाऊबाईंना आनंदानं सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, “परक्याचं लेकरू आहे गं, जपून. तुझ्या हाताला काही लागत नाही, बघतेस ना तू.” घरी येऊन मी परसात उभी राहिले. सहाव्यांदा काहीही उगवलेलं नव्हतं. मी सही केली नाही. आमच्या ह्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं, मन होत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मग वाफ्यांवर फरशी घातली आणि तिथं आम्ही कपडे वाळत घालायला लागलो.

त्याला पंधरा वर्षं झाली. यंदा फरशीखालचा पाण्याचा पाइप फुटला, प्लंबरनं फरशी उखडली आणि खाली काळीभोर माती निघाली. मला राहवेना. जाऊबाईंना फोन करून म्हटलं, या वर्षी माझीही पुडी बांधा. त्या म्हणाल्या, “ये की. रविवारी अकराला ये.”

मी साडेनऊलाच गेले. पन्नाशीची बाई, पण पाय कसे शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे पडत होते. मागचं दार उघडं होतं. स्वयंपाकघरात टेबलावर पुड्या ओळीनं बांधून ठेवलेल्या. नणंद, शेजारीण, मामेसासूबाई. शेवटी माझ्या नावाचा कागद, उघडा आणि रिकामा. गॅसवर मंद आचेवर लोखंडी कढई होती आणि जाऊबाई त्यात मटार हलवत होत्या. बाजूला वाट्यांमध्ये मुळा, पालक आणि गाजराचं बी होतं.

“जाऊबाई, हे काय?”

त्या दचकल्या. “अगं बाई! लवकर आलीस. बी जरा दमट झालं होतं, शेकून घेत होते.”

“बरं,” म्हटलं मी. खरंच म्हटलं. खुर्ची ओढून बसलेसुद्धा. मग माझी नजर पुन्हा त्या बांधलेल्या पुड्यांकडे गेली.

“बाकीच्यांचं नाही झालं दमट?”

जाऊबाईंचा हात कढईत फिरतच राहिला. मी उठून एक दाणा उचलला. बोट भाजलं. रंगात काडीचाही फरक नव्हता. दाण्याचा जीव जावा पण बघणाऱ्याला कळू नये, इतपतच शेकलेला. हे एका दिवसात साधत नाही, त्याला सराव लागतो.

माझ्या हातातली पुडी कधी कधी कोमट लागायची, ते तेव्हा आठवलं. मी समजायचे, जाऊबाईंच्या हातांची ऊब आहे. एकदा तर तसं बोलूनही दाखवलं होतं, आणि त्या हसल्या होत्या.

मी तो दाणा माझ्या नावाच्या रिकाम्या कागदावर ठेवला.

“सहाही वर्षं?” मी विचारलं.

त्यांनी गॅस बंद केला. “पहिल्या वर्षी रागात केलं,” त्या म्हणाल्या. “तू आलीस आणि दोन महिन्यांत घरात जो तो तुझं नाव घ्यायला लागला. धाकटी शिकलेली, धाकटी कमावती, धाकटीला विचारा. मला हे एवढं एकच येत होतं गं. तेही तुला आलं असतं तर माझ्याकडे कोण फिरकलं असतं?”

“आणि दुसऱ्या वर्षी?”

“दुसऱ्या वर्षी उगवलं असतं तर तू विचारलं असतंस, यंदाच कसं उगवलं म्हणून.”

“नसतं विचारलं. मी नाचले असते, जाऊबाई.”

त्या खाली बघत होत्या. साठी उलटलेली बाई, पदरानं कढईचा कान पुसत उभी होती. मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली.

“आणि ती मुलगी?”

“मी जपून एवढंच म्हटलं होतं,” त्या घाईनं म्हणाल्या. “नको आणू असं मी म्हटलं नव्हतं. म्हटलं होतं का? तूच सांग.”

त्यांना हे वाक्य तयार होतं. पंधरा वर्षं त्यांनी ते जवळ बाळगलं असणार. मी टेबलाला धरून उभी होते आणि मला एवढंच कळत होतं की आता इथून निघायला हवं. निघताना त्यांनी नणंदेची पुडी माझ्या हातात कोंबायला बघितली. “हे घे, हे चांगलं आहे.” मी हात मागे घेतला. नणंदेच्या नावाची पुडी खाली पडून फुटली आणि पालकाचं बी सगळ्या फरशीवर पसरलं.

रस्त्यात बियांच्या दुकानातून मी मटार, मुळा आणि पालक घेतला. त्याच दुपारी पेरलं. कुणाला काही बोलले नाही. सवयीनं प्रत्येक खड्ड्यात मटाराचे दोन दोन दाणे टाकले, एक तरी जगेल म्हणून. खरं सांगते, उगवू नये असंच मला वाटत होतं. नाही उगवलं तर हात करंटाच आहे असं म्हणून मोकळी झाले असते. रोज कामावर जाताना मी पुढच्या दारानं जायचे, परसाकडे बघायचंच नाही म्हणून. पाणी घालायचं काम ह्यांच्यावर सोपवलं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी ह्यांनी परसातून हाक मारली. “अगं, बाहेर ये! आधी बाहेर ये!”

मी गेले. मुळ्याची दोन ओळी भरून पानं आली होती. पालक बारीक सुयांसारखा वर आला होता. मटार तर एकूण एक उगवला होता, जोडीजोडीनं, एकही दाणा वाया न जाता. मी पायरीवरच थांबले. हे मात्र उकिडवे बसून एकेका रोपाला बोट लावत होते, कधी नव्हे एवढे खुशीत.

“कोणाचं बी म्हणायचं हे? वहिनीचं?”

“दुकानातलं.”

“बघ! तुझ्याच हातानं पेरलंस ना?” ते हसत होते. मग हसू जरा ओसरलं. “मग तेव्हा काय होत होतं गं?”

सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. भावजयीबद्दल त्यांना फार माया, कशाला विष कालवा. पण एवढी सगळी रोपं समोर उभी असताना खोटं बोलायला जागाच उरली नाही. मी सगळं सांगितलं. कढई, वेगळं ठेवलेलं बी, सहा हिवाळे, जाऊबाईंचं ते ‘जपून’.

“आणि माझं मन होत होतं,” मी म्हटलं. “तुम्हाला खोटं सांगितलं मी. मला ती हवी होती. मला माझ्या हाताची भीती वाटली.”

ओरडतील, भावजयीकडे तरातरा निघतील, मला तरी काही लागट बोलतील, याची मी वाट बघत राहिले. ते तसेच बसून होते, एक हात ओल्या मातीवर टेकवून.

“येत्या चौदा तारखेला सतरा पूर्ण होतील तिला,” ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पंधरा वर्षांत तिचा विषय त्यांनी एकदाही काढला नव्हता. मला ती तारीख माहीतच नव्हती. कागद त्यांनी भरले होते.